बांधलेली घंटा : रुग्णालयातील आगसूचना आणि पहाऱ्याची परंपरा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने रुग्णालयातील आगसूचक यंत्रणेवर बोलावे, याचे निमंत्रणपत्रिका वाचून काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले असते. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या इतिहासाच्या तासाची आठवण असलेल्यांना हा विषय परका वाटणार नाही. एखादा किल्ला शत्रूच्या हाती गेल्याचा प्रसंग आला की गुरुजी पुस्तक मिटत आणि विचारीत, ‘त्या रात्री पहाऱ्यावर कोण होते?’ सन आम्हांला पाठ असे, सेनापतीचे नाव पाठ असे. या प्रश्नाचे उत्तर मात्र क्रमिक पुस्तकात कधीच नसे. आजचे व्याख्यान त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

आपल्या शाळेपासून रामघाट फार लांब नाही. पावसाळ्यात क्षिप्रा चढू लागली की घाटावरची लहान देवळे एकामागून एक पाण्यात जातात. कोणत्या देवळाच्या कोणत्या पायरीला पाणी लागले म्हणजे आपले चंबूगबाळे उचलायचे, हे तेथल्या पंड्यांना आणि फुलवाल्यांना कोणी सांगावे लागत नाही. ओली झालेली पायरी हीच त्यांची सूचना. गेल्या माघात मी तेथे गेलो असता एका लहानशा देवळाची डागडुजी चालू होती. परांचीच्या दोऱ्या लागून घंटा सारखी वाजत राहू नये म्हणून गवंड्यांनी तिचा लोलक सुतळीने गुंडाळून बांधून ठेवला होता. येणारा भाविक सवयीने हात वर करी, घंटा हलवी आणि नाद उमटला नाही की क्षणभर थबकून आत जाई. देवाच्या दारी एवढ्याने काही बिघडत नाही. पण मला त्या वेळी दुसरीच एक बांधलेली घंटा आठवली.

त्याच्या आदल्या वर्षी एका शहरातील रुग्णालयात आप्ताच्या उशाशी मी नऊ रात्री काढल्या होत्या. शहराचे वा रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मजल्याच्या अर्ध्या भागात नवे अतिदक्षता दालन बांधण्याचे काम चालू होते; उरलेल्या अर्ध्या भागात आम्ही होतो. मधे प्लायवूडचा आडपडदा. रात्री झोप येत नसे म्हणून छताकडे पाहत पडलो असता लक्षात आले, की छतावरच्या वाटीएवढ्या पांढऱ्या चकत्यांवर, ज्यांना धूरसंवेदक म्हणतात त्यांवर, कोणी तरी रबरी हातमोजे ताणून बसवले आहेत. सकाळी कामगाराला विचारले. तो म्हणाला, “बाबा, धूळ गेली की उगाच बोंबलतं ते. म्हणून झाकलंय.” काढणार कोण? “सुपरवायझर साहेब सांगतील.” सुपरवायझर म्हणाले, ते यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपनीचे काम. तळमजल्यावर नियंत्रण पेटीपाशी बसलेल्या रखवालदाराने पेटीवरचा एक पिवळा दिवा दाखवला आणि समजूत घातली, “काम चालू आहे ना, म्हणून तो लागलाय. काळजी करू नका.” किती दिवसांपासून लागला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, तो त्या महिन्यातच कामावर रुजू झाला होता. वॉर्डातल्या परिचारिकाबाईंना तर छतावर काही झाकले आहे याचीच वार्ता नव्हती.

या चौघांपैकी एकही जण बेजबाबदार नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. नेमके येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते.

आपल्याकडे आगीविषयीचा सर्वांत मार्मिक राजकीय दस्तऐवज कोणता, असे मला विचारले तर मी शिवछत्रपतींच्या त्या प्रसिद्ध पत्राकडे बोट दाखवीन, जे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळील दळवटणे येथील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेले. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याच्या ताकिदीमुळे ते आपणा सर्वांना परिचित आहे. त्यातला आगीचा भाग तितकासा वाचला जात नाही. पावसाळी छावणी, गवताच्या गंजी, गवतानेच शाकारलेल्या पागा आणि त्यांत बांधलेली घोडी. महाराज शत्रूचे भय सांगत नाहीत. चुली कोठे पेटतील, तंबाखू कोण ओढील, रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल, असा अगदी घरगुती धोका ते सांगतात. आणि मग जे सांगतात ते आजच्या प्रत्येक चौकशी समितीच्या टेबलावर ठेवावे असे आहे : एकदा सगळे जळून गेल्यावर कोणाच्या माना मारल्या किंवा कारकुनाला कितीही ताकीद केली, तरी एक लाकूडसुद्धा परत मिळणार नाही.

या पत्राचे वैशिष्ट्य असे, की ते तात्पुरत्या वसतीसाठी लिहिलेले आहे. वाड्यात किंवा किल्ल्यावर रोजची शिस्त असते. छावणीत ती विस्कटलेली असते. बांधकाम चालू असलेले रुग्णालय ही अशीच एक छावणी होय. रोजचे जिने बंद, नेहमीचे दरवाजे अडवलेले, ओळखीच्या माणसांत अनोळखी माणसे मिसळलेली, आणि ठिणग्या उडवणारी कामे रोग्याच्या खाटेपासून पंधरा पावलांवर.

जुन्या पहाऱ्याचा आणखी एक विशेष आपण विसरलो आहोत. रात्रीचा गस्तवाला ठरावीक अंतराने आरोळी देई. चोर दिसला म्हणून तो ओरडत नसे. आपण जागे आहोत हे कळावे म्हणून ओरडत असे. त्यामुळे आरोळी आली नाही की घरातला म्हातारा अंथरुणावर उठून बसे. पहारेकऱ्याचे मौन हीच धोक्याची खूण होती. यंत्राने हा अर्थ उलटा केला. यंत्र गप्प आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे आपण समजू लागलो. परंतु यंत्राच्या मौनाला दोन अर्थ असतात : आग नाही, किंवा यंत्रच बंद आहे. खाटेवर पडलेल्या रोग्याला, त्याच्या उशाशी बसलेल्या नातलगाला, किंबहुना रात्रपाळीच्या परिचारिकेलाही हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. फरक सांगणारा तो एवढासा पिवळा दिवा तळमजल्यावर असतो.

मग यंत्रणा बंद तरी का करतात? त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे, आणि ते समजून घेतल्याविना ठेकेदारावर रागावणे अन्यायाचे होईल. नेहमी वापरात असलेल्या धूरसंवेदकात एक लहानशी अंधारी खोली असते. तीत प्रकाशाचा एक किरण जात असतो, आणि तो टिपणारा डोळा मुद्दाम आडबाजूला बसवलेला असतो. हवा स्वच्छ असते तोवर किरण सरळ निघून जातो, डोळ्याला काही दिसत नाही. धुराचे कण शिरले की प्रकाश विखुरतो, डोळा तो टिपतो आणि घंटा वाजते. भिंत फोडल्याची धूळ किंवा लादी कापल्याची भुकटी धुरासारखीच प्रकाश विखुरते. यंत्राला धूर आणि धूळ यांतला भेद कळत नाही. दिवसातून पाच वेळा खोटी घंटा वाजली तर सहाव्या वेळी कोणी उठत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण बालवर्गातच शिकलो. शिवाय रुग्णालयात खोट्या घंटेने हृदयविकाराच्या रोग्याचे काय होते, हे डॉक्टर मंडळींना सांगायला नको. म्हणून कामापुरता तो भाग वेगळा करणे, म्हणजे यंत्रणेपासून तोडून ठेवणे, हे योग्यच असते.

अडचण पुढे आहे. एका खोलीत काम, पण जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत सबंध मजला एकाच विभागात जोडलेला असतो. मग खोलीसाठी मजला बहिरा होतो. त्याच तारेवर भिंतीवरची काच फोडून वाजवायची लाल पेटीही जोडलेली असेल, तर तीही मुकी होते. म्हणजे माणसाने आपल्या डोळ्यांनी आग पाहिली आणि काच फोडली तरी हाक जात नाही. कित्येक इमारतींत आगीची दारे आपोआप मिटणे, वातानुकूलनाचे पंखे थांबणे, उद्वाहक खाली येऊन थांबणे हेही त्याच सूचनेवर अवलंबून असते. घंटा बांधताना आपण आणखी काय काय बांधले, हे बांधणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. दिवसभर झाकलेल्या यंत्रात झाकण नीट बसले नसेल तर भुकटी साचते ती वेगळीच.

नाटकगृह, शाळा, कचेरी येथे घंटा वाजली की माणसे बाहेर पळतात. रुग्णालयात पळणारे थोडे आणि न पळू शकणारे पुष्कळ. श्वासयंत्राला जोडलेला रोगी, शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रोगी, पेटीतले अर्भक. यांना जिन्याने उतरवत नाहीत. आधी त्याच मजल्यावर धूर न पोचलेल्या पलीकडच्या भागात सरकवतात. त्यासाठी दर खाटेला दोन-तीन माणसे आणि काही मिनिटे लागतात. ती मिनिटे मिळवून देणे एवढेच त्या छतावरच्या वाटीचे काम. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागली तेव्हा तेथे सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्या एका रात्रीनंतर महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांत प्रथमच कोणी तरी मान वर करून छताकडे पाहिले. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरला आणि आपल्या भोपाळला, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये जबलपूरला रुग्णालयांतच माणसे आगीत गेली. खुद्द उज्जैनीत ४ एप्रिल २०२१ रोजी, कोविडच्या ऐन लाटेत, एका खाजगी रुग्णालयाला आग लागून ऐंशीच्या आसपास रुग्ण हलवावे लागले; तो दिवस या सभागृहातील अनेकांना आठवत असेल.

बांधकाम आणि रुग्णालय यांची गाठ पडल्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. अंधेरी-मरोळ येथील कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी तळमजल्यावर आग लागली. इमारतीच्या विस्ताराचे काम चालू होते आणि रुग्णालयही चालू होते. खाली साठवलेल्या बांधकामाच्या सामानाने पेट घेतला आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. सुरुवातीला आठ सांगितलेला मृतांचा आकडा पुढील दिवसांत वाढत गेला. जखमींची संख्या शंभराच्या पुष्कळ वर होती. इमारतीला अग्निशमन दलाचे अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनीच सांगितले. तेथे सूचक यंत्रणा कोणी बांधून ठेवली होती असे मी म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की अर्धी इमारत ठेकेदाराच्या ताब्यात आणि अर्धी डॉक्टरांच्या ताब्यात असली की मधल्या जागेचा धनी कोण, हे कागदावर राहून जाते. पेइचिंगच्या छांगफेंग रुग्णालयात १८ एप्रिल २०२३ रोजी असेच झाले. आत दुरुस्तीचे काम चालू असता उडालेल्या ठिणग्यांनी ज्वालाग्राही रंगाची वाफ पेटली आणि २९ माणसे मेली. त्यांतील बहुतेक रोगी होते.

घंटा वाजूनही ती वाया कशी जाते, याचेही उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. पॅरिसचे नोत्रदाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले तेव्हा तेथेही दुरुस्ती चालू होती. यंत्र फसले नव्हते. सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास त्याने सूचना दिली. पण पेटीवर उमटलेली सांकेतिक भाषा वाचून रखवालदाराला भलत्याच पोटमाळ्याकडे धाडले गेले. चूक कळून माणूस खऱ्या माळ्यावर पोचेतो जवळजवळ अर्धा तास गेला होता आणि आठशे वर्षांची लाकडे पेटलेली होती. सूचना आणि तिचा अर्थ लावणारा माणूस, या दोहोंपैकी एक कच्चा असला की दुसऱ्याचा उपयोग नाही.

आणि मुंबईची गोदी? १४ एप्रिल १९४४ हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो व्हिक्टोरिया गोदीतील फोर्ट स्टिकिन या जहाजामुळे. कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकाच जहाजात होती. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावायचे, असा शिरस्ता. त्या दिवशी निशाण लावलेले नव्हते. दुपारी धूर दिसला. पण आग कोणत्या जहाजाला लागली आहे हे न समजल्याने पहिल्या हाकेला नेहमीसारखी मोजकीच मदत आली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. युद्धकाळाच्या घाईत एक निशाण खाली राहिले, त्यालाही कोणाला दोषी धरावे? गुरुजींचा प्रश्न येथे फार अवघड होतो.

नियम नाहीत असे नाही. आगसूचक यंत्रणेची उभारणी आणि देखभाल यांसाठी भारतीय मानक २१८९ आहे. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आगीलाच वाहिलेला आहे. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यान्वये इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. जानेवारी आणि जुलै! पण छतावर हातमोजा चढतो तो मार्चमध्ये, एका मंगळवारी, सकाळी दहा वाजता. वर्षातून दोनदा दिलेले प्रमाणपत्र त्या मंगळवारपर्यंत पोचत नाही.

त्या मंगळवारसाठी लागते ती गोष्ट अगदी साधी आणि जुनी आहे. यंत्राचा पहारा उठवायचा तर त्याच्या जागी माणसाचा पहारा बसवल्याशिवाय उठवायचा नाही. किल्ल्यावर पहारा बदलताना नवा माणूस जागेवर आल्याविना जुना हलत नसे, तसेच. कारखान्यांतून जोडकाम, कापकाम अशा ठिणगीच्या कामांना स्वतंत्र परवाना लागतो. काम संपल्यावरही निदान तासभर तेथे माणूस बसवून ठेवण्याची चांगली रीत तेथे आहे, कारण ठिणगी भिंतीच्या फटीत जाऊन धुमसत राहते आणि कामगार डबा खायला गेल्यावर पेटते. रुग्णालयात याहून अधिक हवे. तोडायचे ते कमीतकमी जागेपुरते आणि त्या दिवसापुरतेच. संध्याकाळी कामगार उतरण्यापूर्वी जोडून, धूर दाखवून, वाजते याची खात्री करूनच फाटक उघडायचे. आणि चिठ्ठी : कोणता भाग, किती वाजल्यापासून, कोणाच्या सहीने, पुन्हा जोडणार कोण आणि तोवर फिरणारा पहारेकरी कोण. ही चिठ्ठी व्यवस्थापकाच्या दालनात न राहता त्या वॉर्डाच्या परिचारिकेच्या टेबलावर असली पाहिजे, कारण रात्री दोन वाजता रोग्यांपाशी तीच असते. आपल्या पाठीशी यंत्र नाही हे तिला ठाऊक असेल तर ती फेऱ्या वाढवील, वासाकडे लक्ष देईल. ठाऊक नसेल तर ती निर्धास्त राहील, आणि त्यात तिचा काही दोष नसेल.

पहाऱ्यावरच्या माणसाविषयीही थोडे. अनेक ठिकाणी ठेकेदार या कामाला सर्वांत नव्या, सर्वांत कमी मजुरीच्या पोराला बसवतो. त्याला इमारतीचे जिने माहीत नसतात, कोणाला हाक मारायची ते माहीत नसते, कित्येकदा तेथली भाषाही येत नसते. त्याला स्टूल देतात. शिट्टी, विजेरी आणि दूरध्वनीचा क्रमांक देत नाहीत. हा पहारा नव्हे, पहाऱ्याची सही आहे.

हे सारे आज उज्जैनीत बोलण्याचे आणखी एक कारण आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून या नगरीने सिंहस्थाचे व्यवस्थापन पाहिले आहे. सिंहस्थाची वस्ती हीही एक महाप्रचंड छावणीच. ५ मे २०१६ रोजी वादळी पावसात मंडप कोसळून माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. आता २०२८चा सिंहस्थ समोर आहे, आणि गावात जिकडे पाहावे तिकडे परांच्या उभ्या आहेत. रस्ते, पूल, घाट आणि रुग्णालयेही. ही कामे हवीच आहेत. पण रुग्णालयाची भिंत फुटते तेव्हा रुग्णालय काही रोग्यांवाचून राहत नाही. या सभागृहात शाळेचे माजी विद्यार्थी असलेले अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, नगरपालिकेतील अधिकारी आहेत, आणि एक-दोन ठेकेदारही मला समोर दिसत आहेत. त्यांना माझी विनंती पुस्तकी वाटली तरी चालेल : पुढच्या वेळी कामावर जाल तेव्हा नियंत्रण पेटीवरचा पिवळा दिवा कोणाच्या नावाने लागला आहे, तेवढे विचारा.

त्या रुग्णालयातील परिचारिकाबाईंची हकिगत सांगायची राहिली. मी छताकडे बोट दाखवल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांनी विद्यार्थ्यांची असते तसली एक दुरेघी वही आणवली, रेघा आखल्या, आणि सुपरवायझरला टेबलापाशी बोलावले. त्या दिवसापासून सकाळी किती वाट्या झाकल्या त्याचा आकडा आणि झाकणाऱ्याची सही, संध्याकाळी किती उघडल्या त्याचा आकडा आणि सही. हातमोजे मोजून त्यांच्याच टेबलाच्या खणात यायचे. आम्ही घरी निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी अकरा झाकल्या होत्या आणि खणात दहा आले. कामगार हातपाय धुऊन, पिशव्या घेऊन जिन्यापाशी उभे होते. सुपरवायझर म्हणाला, “एकच तर आहे, सिस्टर, उद्या बघू.” बाई खुर्चीवरून उठल्या, जिन्याचे दार ओढून घेतले आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. अकरावा सापडायला वीस मिनिटे लागली. तो आमच्याच खोलीबाहेरच्या कपड्यांच्या कोठीत, छताला तसाच होता.